तैवानचा ‘रुबी १८’ चहा कसा करायचा, आणि तो पुदिना-दालचिनीचा वास नेमका कुठे सापडतो?

तुम्ही विचारलंय की भावाने तैपेईहून ‘रुबी १८’ नावाचं चहाचं पाकीट आणलं, नेहमीसारखं पाणी, साखर, दूध घालून खळखळून उकळलं तर पाणचट लागला, मग दूध न घालता उकळून बघितलं तर तोंड आवळून आलं, आणि पाकिटावर लिहिलेला पुदिना आणि दालचिनी काही केल्या सापडली नाही. तर चहा खराब आहे की करण्यात चूक होतेय?

चहा बहुतेक चांगलाच असणार. उकळू नका, एवढं एक केलंत तरी अर्धं काम झालं.

मी चार वर्षं तैवानमधल्या शिन्चूला पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करत होतो, तेव्हा या चहाचा नाद लागला तो आजवर आहे, वर्षातून एकदा तरी कोणाला ना कोणाला सांगून मागवतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी उकळण्याचं. आपली घरातली चहा पावडर असते ती सीटीसी, म्हणजे पान मशीनमध्ये चिरडून, फाडून, गोळ्या करून वाळवलेलं. हे मशीन १९३०च्या दशकात आसामातच निघालं. त्या बारीक दाण्यातून रंग आणि कडकपणा मिनिटभरात उतरतो, दूध-साखर-आलं सगळं पेलायची ताकद त्यात असते आणि तो चहा उकळायसाठीच बनलेला आहे, त्यात कमीपणा काही नाही, मी रोज सकाळी तोच पितो. पण रुबी १८चं पान अख्खं असतं, नुसतं पिळलेलं. पाकिटातलं एक पान तळहातावर घेऊन बघा, काळपट, बोटाच्या दोन पेरांएवढं लांब, वाकडंतिकडं. त्याला गरम पाण्यात उलगडायलाच वेळ लागतो. म्हणून दुधाच्या चहात आपण जेवढी पावडर घालतो तेवढी ही पानं घातली तर दुधाखाली काहीच कळत नाही, आणि नुसतं उकळत ठेवलं तर वास वाफेबरोबर निघून जातो आणि तुरटपणा तेवढा पाण्यात उतरत राहतो. तुमचं दोन्ही वेळा हेच झालं.

आता करायचं कसं. वजनकाटा असेल तर ३ ग्रॅम पानं आणि २०० मिली पाणी. काटा नसेल तर पोह्याचा एक चमचा चांगला शिगोशीग, पण ही पानं लांब आणि हलकी असल्याने चमच्यावर फार भरवसा ठेवू नका, पहिल्यांदा तरी कोणाकडून काटा मागून आणा. पाण्याला उकळी फुटली की गॅस बंद करून झाकण काढून एक-दीड मिनिट थांबायचं, साधारण ९० ते ९५ अंशांवर येतं. तेवढ्यात थोडं गरम पाणी कपात आणि किटलीत फिरवून ओतून द्यायचं, भांडी गार असली की पाण्याची सगळी ऊब तीच खातात. मग पानं टाकायची, पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं, आणि घड्याळ लावून अडीच ते तीन मिनिटं. झाकण महत्त्वाचं आहे, वास तिथेच अडकतो. वेळ झाली की सगळाच्या सगळा चहा गाळून घ्यायचा, पानं पाण्यात भिजत ठेवून अर्धा कप आत्ता अर्धा नंतर असं करायचं नाही, नंतरचा अर्धा कप कडूच होणार.

तीच पानं फेकू नका. दुसऱ्यांदा पाणी घाला, या वेळी चार मिनिटं. माझ्या मते दुसरा कप पहिल्यापेक्षा गोड निघतो.

कप पांढरा चिनीमातीचा घ्या. स्टीलच्या पेल्यात ओठ भाजतात आणि रंग दिसत नाही, आणि या चहाचा रंग बघण्यासारखा असतो, कोकमाच्या सरबतासारखा लाल, पण आरपार. चिनी भाषेत काळ्या चहाला (बिनदुधाचा या अर्थाने नव्हे, तर पान काळं होईपर्यंत मुरवून वाळवलेला, आपली पावडर आणि रुबी दोन्ही यातच) ‘होंगचा’ म्हणजे लाल चहाच म्हणतात, इंग्रजांनी वाळलेल्या पानाचा रंग बघून काळा म्हटलं आणि चिन्यांनी कपातला रंग बघून लाल. (आपला ‘चहा’ शब्द तिकडच्या ‘छा’चा, आणि तैवानच्या घरोघरी बोलतात त्या होक्किएन भाषेत त्यालाच ‘ते’ म्हणतात, इंग्रजी ‘टी’ त्या ‘ते’पासून आला.)

आता पुदिना आणि दालचिनी. लोक इथेच निराश होतात कारण त्यांना वाटतं पुदिन्याच्या चटणीसारखी चव येईल. तसं नाही. तीन ठिकाणी शोधा.

पहिलं, गरम केलेल्या रिकाम्या किटलीत कोरडी पानं टाकून झाकण लावून दहा सेकंद हलवा आणि झाकण काढून नाक जवळ न्या. दालचिनी बहुतेकांना इथेच पहिल्यांदा सापडते, मसाल्याच्या डब्यातली झणझणीत नाही, तर झाडाच्या ओल्या सालीसारखी, थोडी लाकडी. दुसरं, चहा गाळल्यावर उरलेल्या ओल्या पानांचा वास, गरम असतानाच. तिथे मला दरवेळी आजीच्या गुडघ्याला चोळायच्या बामची आठवण येते, अगदी लांबून आल्यासारखी. हे काही मनाचे खेळ नाहीत, बाममध्ये वापरतात ते विंटरग्रीन नावाच्या झुडपाच्या तेलातलं मिथाइल सॅलिसिलेट चहाच्या पानातही नैसर्गिकरीत्या असतं. आणि तिसरं म्हणजे घोट गिळल्यावर. तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा, मग तोंडाने थोडी हवा आत ओढा. घशाच्या मागे जो गारवा जाणवतो ना, तोच तो पुदिना. चवीपेक्षा तो गारवाच जास्त आहे.

पिताना भुरका मारा, खुशाल आवाज करून. माझे वडील बशीत ओतून भुरके मारायचे आणि आम्हाला लहानपणी पाहुण्यांसमोर लाज वाटायची, पण चहाची परीक्षा करणारे लोक व्यवसाय म्हणून हेच करतात, घोटाबरोबर हवा ओढली की चहा तोंडभर पसरतो आणि वास मागून नाकात चढतो. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मग, उगाच का मारतो?”

आणि तुरटपणाला घाबरू नका, तो या चहात असणारच, फक्त तो पुढे काय होतो ते बघा. आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की कसं गोड लागतं, तसं घोट गेल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला हळूहळू गोडवा येतो, तिकडे त्याला ‘हुई गान’ म्हणतात, म्हणजे परत येणारी गोडी. मला आमच्या लॅबमधल्या एका तैवानी मुलाने हे समजवायचा खूप प्रयत्न केला होता आणि कळेना, शेवटी आवळा आठवला आणि एका सेकंदात कळलं. तुरटपणा येऊन जिभेवरच बसून राहिला, सुपारीसारखा, तर वेळ जास्त झाली किंवा पाणी फार गरम होतं. पुढच्या वेळी अर्धा मिनिट कमी करा.

हा चहा येतो कुठून ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण त्यात आपलाही धागा आहे. तैवानच्या बरोबर मध्ये नानतौ जिल्हा, त्यात सन मून लेक, साडेसातशे मीटरवर, आणि तळ्याला लागून यूची नावाचा गाव-तालुका. तैवानवर तेव्हा जपानचं राज्य होतं. १९२५ साली जपान्यांनी आसामहून मोठ्या पानाच्या चहाचं बी आणून इथे लावलं, कारण हवा दमट आणि उबदार, आसामला मिळतीजुळती. १९३६ साली तिथल्या माओलान डोंगरावर काळ्या चहाचं संशोधन केंद्र सुरू झालं. अराई कोकिचिरो नावाचा जपानी संशोधक त्याचा प्रमुख होता, युद्ध संपलं, जपानी माणसं परत निघाली, हा मात्र केंद्र सांभाळत राहिला आणि १९४६ मध्ये तिथेच वारला. डोंगरावर त्याच्या स्मरणाचा दगड आहे, मळ्यांच्या मधून जाणाऱ्या रस्त्याने वर चालत गेलं की दिसतो. मी गेलो तेव्हा धुकं होतं आणि आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. दुसऱ्या देशातल्या मातीत एका झाडासाठी राहून गेलेला माणूस, मला ते फार मोठं वाटलं.

रुबी १८ त्याच केंद्राची जात. आई म्यानमारची मोठ्या पानाची, म्हणजे आपल्या आसामी चहाची सख्खी भावकी, आणि बाप तैवानच्या डोंगरातला रानचहा. तो रानचहा मुळातच तैवानचा, म्हणून हा पुदिन्यासारखा गारवा आसामच्या चहात तुम्हाला मिळत नाही. अनेक दशकं काम करून १९९९ साली ही जात अठराव्या क्रमांकाने जाहीर झाली. तिकडे नाव ‘होंग यू’, लाल जेड. आणि त्याच वर्षी २१ सप्टेंबरला नानतौमध्येच ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला, २,४०० हून जास्त माणसं गेली. काळ्या चहाचा धंदा तर त्याआधीच बसला होता, पुष्कळ मळ्यांच्या जागी शेतकऱ्यांनी सुपारी लावली होती. आजही तिकडे बसमधून जाताना चहाच्या शेजारी पोफळी दिसतात, कोकणातल्या माणसाला क्षणभर आपण कुठे आहोत तेच कळत नाही. भूकंपानंतर गाव पुन्हा उभं करताना लोक चहाकडे वळले आणि ही नवी जात हाताशी होती. म्हणून यूचीतल्या लोकांचा या चहावर जो जीव आहे तो नुसता धंद्याचा नाही.

एक सांगतो, दुधाचा चहाच हवा असेल तर भावाला पुढच्या वेळी ‘तैवान टी नंबर ८’ किंवा सरळ सन मून लेकचा ‘आसाम’ आणायला सांगा. तो जास्त कडक, माल्टसारख्या चवीचा, दूध घेतो. रुबीत दूध घातलं तर गारवा पहिला मरतो, माझा तरी तसा अनुभव आहे. साखरेबद्दल मी कट्टर नाही, पण पहिला कप बिनसाखरेचा प्या, मग ठरवा.

आणि काळ्या चहात रस लागला तर तैवानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ह्वालिएनकडचा ‘मीश्यांग होंगचा’ म्हणजे मधाच्या वासाचा काळा चहा जरूर बघा. त्यात मध नसतो. चहाच्या कोवळ्या पानावर हिरवे तुडतुडे बसून रस शोषतात, झाड स्वतःच्या बचावासाठी वेगळी द्रव्यं तयार करतं, आणि त्यातून तो मधासारखा, पिकल्या फळासारखा वास येतो. तुडतुडे यावेत म्हणून शेतकरी फवारणी करत नाही! आमच्याकडे देवगडला मोहोर आला की तुडतुड्यांसाठी फवारणीच्या फेऱ्यांवर फेऱ्या, आंब्यावरच्या तुडतुड्याची जात वेगळी पण कूळ एकच, त्यामुळे मी हे घरी फोनवर सांगितलं तेव्हा काकांचा विश्वासच बसला नाही. शिन्चूजवळ बेइपू आणि एमेइला ‘ओरिएंटल ब्युटी’ नावाचा ऊलाँग (हिरवा आणि काळा यांच्या मधला चहा) होतो तोही याच किड्याच्या जिवावर.

उन्हाळ्यात रुबीचा थंड चहा करा, याच्यासारखं सोपं काही नाही. अर्धा लिटर गार पाण्यात ५ ग्रॅम पानं टाकून बाटली रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी गाळून घ्या. गार पाण्यात तुरटपणा कमी उतरतो, गारवा आणि गोडवा तेवढा येतो. ज्यांना गरम चहात पुदिना सापडत नाही त्यांना यात हमखास सापडतो, माझ्या बायकोला असाच सापडला.

पाण्याकडे पण लक्ष द्या. बोअरचं जड पाणी असेल तर चहावर तेलकट साय आल्यासारखा थर दिसतो, रंग मातकट होतो आणि वास दबतो, मग पानं कितीही भारी असोत. मुंबईचं नळाचं पाणी या बाबतीत छान आहे. तुमच्याकडे जड पाणी येत असेल तर फिल्टरचं किंवा बाटलीचं पाणी घेऊन एकदा करून बघा, फरक लगेच कळेल.

पाकीट मसाल्याच्या कपाटात अजिबात ठेवू नका. मी पहिल्या वर्षी सुट्टीत आलो तेव्हा आणलेलं पाकीट आईने प्रेमाने गरम मसाल्याच्या बरणीशेजारी नीट ठेवलं, क्लिप नीट लागली नव्हती, आणि महिन्याभरात सगळ्या चहाला लवंगेचा वास. घट्ट झाकणाच्या डब्यात, ऊन आणि ओल लागणार नाही अशा जागी ठेवा, पावसाळ्यात तर विशेष.

तर आता असं करा, तीन सारखे कप घ्या, प्रत्येकात १ ग्रॅम पानं आणि ७० मिली पाणी, वर बशा झाका आणि एक दोन मिनिटांनी, दुसरा तीन मिनिटांनी, तिसरा पाच मिनिटांनी गाळा. ओळीने ठेवून थोडे निवू द्या आणि चमच्याने भुरके मारत एकेक चाखा. तुमच्या जिभेला कुठला पटतो ते कळेल, आणि पाच मिनिटांच्या कपात तुम्ही उकळलेल्या चहाची ओळखही पटेल. कुठला आवडला ते खाली कमेंटमध्ये नक्की सांगा.