तोफखान्यातले जवान आघाडीपासून लांब असतात, मग त्यांचं शौर्य ते काय?

हाच प्रश्न आमच्या मामांनी भगूरला एका लग्नाच्या पंगतीत विचारला होता, फक्त इतक्या सभ्यपणे नाही. "दाजी, तुमचं काय, वीस किलोमीटरवरून फटाके उडवले!" बाबा हसून "हो हो" म्हणाले आणि त्यांनी जिलबी मागितली. सगळी पंगत हसली. बाबांना ऐकूच गेलं नव्हतं. त्यांचा डावा कान १९९९ ला कारगिलच्या लढाईत, द्रासमध्ये गेला, आणि मामा नेमके डावीकडे बसलेले.

आम्ही देवळालीचे. तोफखान्याच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की घराच्या काचा वाजतात, आम्हाला त्याचं काही नाही. बाबा बोफोर्स तोफेवर होते. तिचा गोळा चाळीस किलोच्या वर. दहा हजार फुटांवर, जिथे नुसतं चालून धाप लागते, तिथे तो रात्रभर उचलायचा. काही तोफा तर पुढे आणून थेट शिखरावर नेम धरून डागल्या. आता शिखर आपल्याला दिसतं म्हणजे वरच्यालाही आपण दिसतोच की. शत्रूच्या अशाच एका गोळ्यात बाबांच्या शेजारचा, गोळा भरणारा पोरगा गेला. त्याला बाजूला घेतलं आणि त्याच्या जागी बाबा उभे राहिले. वर पायदळ चढत होतं, मारा थांबवून चालणार नव्हतं. याच्यापुढे बाबा सांगत नाहीत.

आणि लांब म्हणजे कोण? तोफांना नेम कुठे धरायचा ते पुढून बघून सांगणारा ओपी ऑफिसर आणि त्याचा वायरलेसवाला पायदळाबरोबरच चढतात. तोफखान्यातले हवालदार उमराव सिंग माहीत आहेत? डिसेंबर १९४४, ब्रह्मदेशातलं कलादान खोरं. जपानी तोफेवर चालून आले, गोळ्या संपल्या, तेव्हा हा गडी लोखंडी दांडा घेऊन भिडला. सापडला तेव्हा अंगावर सात जखमा, भोवती दहा मेलेले. तोफ त्याच दिवशी पुन्हा चालली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक.

परमवीर चक्र तोफखान्याला एकही नाही, मान्य. पण विक्रम बत्रांनी जिंकलेल्या द्रासच्या पॉइंट ५१४० ला २०२२ मध्ये 'गन हिल' नाव दिलं, ते काय फटाक्यांसाठी?

हां, कडा चढून बंकरमध्ये शिरणं ते वेगळंच. त्याची बरोबरी बाबाही करत नाहीत.

तुमच्या नात्यात कुणी रिटायर गनर असेल तर त्याच्या चांगल्या कानाशी बसून विचारा. पंगतीत नको. मामा अजून मला विचारतात, "दाजी तेव्हा रागावले का रे?" मी सांगत नाही. लागू दे थोडा घोर.