दोन दिवसांचे डाग

ताई,
माझं वय ३३. मुलगी चार वर्षांची आहे, दुसऱ्याचा विचार आम्ही केलाच नव्हता. पाळी आठवडाभर लांबली म्हणून टेस्ट केली, तर दुसरी रेघ आली, फिकट. गेल्या महिन्यात पाळी जरा कमी होती, दोनच दिवस डाग दिसले, पण आली वेळेवर. त्या हिशेबाने पाच आठवडे झालेत. नवरा समजूतदार आहे, म्हणतो, ‘तुझं शरीर, तू ठरवशील ते मला मान्य.’ मैत्रिणीने चार गोळ्या आणून दिल्यात, ‘रात्री घे, सकाळपर्यंत मोकळी होशील’ म्हणाली. ठेवू की नको, या विचाराने चार रात्री झोप नाही. मी वाईट आई आहे का?
एक वाचक

वाईट आई नाहीस. यापेक्षा जास्त त्या प्रश्नावर आज लिहीत नाही, आणि ‘ठेवू की नको’वरही नाही. पत्रातली खरी निकडीची गोष्ट तू जाता जाता लिहिलीस आणि पुढे निघून गेलीस: ‘जरा कमी होती, दोनच दिवस डाग दिसले.’

एरवी तुझी पाळी कशी असते? चार-पाच दिवसांची, पॅड बदलावे लागतात अशी असेल, तर त्या डागांना मी पाळी म्हणणार नाही. दिवस गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांत कित्येकींच्या अंगावरून थोडं जातं. ते नेमकं पाळीच्या तारखेच्या आसपास गेलं की हिशेब तिथेच चुकतो. आठवडे मोजतात ते शेवटच्या खऱ्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. ती खरी पाळी त्याच्या आदल्या महिन्यातली असेल, तर आज तुझे पाच नाही, नऊ आठवडे झालेत. कोणता उपाय करता येईल, हातात किती दिवस आहेत, कायद्याची मुभा कुठवर आहे, हे सगळं याच आकड्यावर ठरतं.

दुसरी शक्यता जास्त काळजीची आहे. शंभरात एक-दोघींचा गर्भ पिशवीत न रुजता बाहेर रुजतो, बहुतेक वेळा ट्यूबमध्ये, म्हणजे पिशवीला जोडलेल्या बारीक नळीत. तेव्हाही टेस्ट पॉझिटिव्हच येते. आणि अंगावरून जातं तेही असंच असू शकतं: थोडंसं, तपकिरी, पाळी आली असं वाटायला लावणारं. ट्यूबला पिशवीसारखं ताणता येत नाही. गर्भ वाढला की ती फुटू शकते आणि रक्त पोटात साठत जातं. तुझं तसं नसण्याचीच शक्यता जास्त आहे, पण आत पाहिल्याशिवाय ते कोणालाही सांगता येणार नाही.

त्या रेघेलाही नाही. दिलेल्या मिनिटांत उमटली असेल तर फिकट रेघसुद्धा पॉझिटिव्हच. (दहा मिनिटांनंतर पट्टी वाळताना दिसणारी करडी रेघ धरत नाहीत.) पण फिकट-गडद यावरून आठवडे निघत नाहीत, आणि गर्भ कुठे आहे ते तर मुळीच नाही.

म्हणून त्या चार गोळ्यांना हात लावू नकोस. मैत्रिणीचा हेतू चांगला असेल, पण मला तिचं अजिबात कौतुक वाटत नाही. गर्भपाताला सहसा दोन औषधं देतात. आधी मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी गिळायची. मग २४ ते ४८ तासांनी मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम, म्हणजे २०० च्या चार गोळ्या, गालात, जिभेखाली किंवा योनीमार्गात ठेवायच्या. तुझ्याकडे चारच आहेत, त्यामुळे पहिली गोळी त्यात नसावी असाच माझा अंदाज आहे. दुसऱ्या औषधाचा नुसता एक डोस घेतला तर काम अर्धवट राहण्याचा धोका बराच वाढतो. आणि गर्भ ट्यूबमध्ये असेल तर या गोळ्यांचा उपयोगच नाही. मग काय होईल ते बघ. पोटात कळा येतील, रक्त जाईल, आणि गोळ्या लागू पडल्या म्हणून तू निवांत पडून राहशील. ट्यूब फुटली तरी कळाच येतात आणि रक्तच जातं. अंथरुणात पडल्या पडल्या तू या दोन्हींतला फरक कसा ओळखशील?

तेव्हा काम एकच: येत्या तीन दिवसांत सोनोग्राफी. तीही योनीमार्गातून, कारण एवढ्या लवकर पोटावरून नीट दिसत नाही. वेळ घेताना ‘भरपूर पाणी पिऊन, लघवी न करता या’ असं सांगितलं तर ती पोटावरची समज, आणि आतून करायचा आग्रह धर. बारीक कांडी असते. तिच्यावर कव्हर चढवून, जेल लावून आत घेतात. दाब जाणवतो, पण काही मिनिटांत होतं.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोध. ‘इंट्रायुटेराइन’, म्हणजे गर्भ पिशवीत आहे. ‘सीआरएल’, म्हणजे गर्भाची लांबी: सहा आठवड्यांना चार-पाच मिलिमीटर, नऊ आठवड्यांना २३ च्या आसपास. आणि हृदयाचे ठोके. तुझ्या डागांच्या हिशेबापेक्षा त्या मिलिमीटरवर जास्त भरवसा ठेव. खरोखर पाचच आठवडे असतील तर कदाचित काहीच दिसणार नाही. तेव्हा ‘काही नाही’ म्हणून घरी येऊन बसू नकोस. रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे दिवस गेल्यावर वाढणारं हार्मोन, तपासायचं आणि ४८ तासांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा. एकट्या आकड्यावरून फारसं कळत नाही, वाढ बघायची असते. सगळं ठीक असेल तर या सुरुवातीच्या दिवसांत दोन दिवसांत तो निदान दीडपट होतो. रेंगाळला तर ट्यूबचा किंवा गर्भ नीट न वाढण्याचा संशय, आणि मग डॉक्टर तुला नजरेआड होऊ देणार नाहीत.

गर्भ पिशवीत आहे हे कागदावर आलं की मग तुझा प्रश्न. नको असेल तर दोन मार्ग आहेत. एक गोळ्यांचा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दोन्ही औषधांचा. पाळीपेक्षा जास्त रक्त आणि गाठी जाणं त्यात धरलेलंच असतं. पण लागोपाठ दोन तास, दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजले तर दवाखाना गाठायचा. आठवडे जास्त असतील तर दुसऱ्या औषधाचे आणखी डोस लागू शकतात. अंगात रक्त फार कमी असेल, रक्त न गोठण्याचा त्रास असेल, स्टेरॉइड बरेच दिवस चालू असतील, तर आधी सांग. नंतर टेस्ट तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, लगेच करून घाबरू नकोस. दुसरा मार्ग सक्शनचा: बारीक नळीने पिशवी रिकामी करतात, पाच-दहा मिनिटांचं काम, सहसा त्याच दिवशी घरी. कोणी क्युरेटिंग सुचवलं, म्हणजे खरवडून काढणं, तर सक्शन का नाही हे विचार. जागतिक आरोग्य संघटनाही खरवडण्याऐवजी सक्शनच करायला सांगते.

ठेवायचं असेल तर फॉलिक ॲसिड, रोज ४०० मायक्रोग्रॅम. ते आजपासूनच घे, नंतर काहीही ठरलं तरी त्याने बिघडत नाही.

आता समजूतदार नवऱ्याविषयी. ठरवायचं तूच, हे खरं. पण वेळ घेणं, त्या दिवशी मुलीची सोय बघणं, तू आत असताना बाहेर बाकावर बसणं, यातलं काही त्याने केल्याचं तुझ्या पत्रात नाही. आज संध्याकाळी फोन त्याच्या हातात दे आणि सोनोग्राफीची वेळ त्याला घ्यायला लाव.

तोवर पोटात एका बाजूला जोरात दुखलं, खांद्याच्या टोकाशी दुखू लागलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर वेळेची वाट न बघता थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, रात्री दोन वाजले असले तरी. तिथे पहिलं वाक्य हेच बोल: ‘टेस्ट पॉझिटिव्ह आहे, गर्भ कुठे आहे ते अजून पाहिलेलं नाही.’ आणि शेवटच्या पाळीची तारीख विचारली की दोन्ही सांग, डागांची आणि त्याआधीची.