‘बेतलेला’ सिनेमा आणि ‘न्याय दिलेली’ कादंबरी

प्रश्न असा आहे: चित्रपट परीक्षणांत कुणी ‘कादंबरीचं रूपांतर’ लिहितं, कुणी ‘कादंबरीवर आधारित’, कुणी ‘बेतलेला’. तिन्हींचा अर्थ एकच का? आणि ‘दिग्दर्शकाने कादंबरीला न्याय दिला’ हे मराठी म्हणायचं का?

एकच नाही. ‘रूपांतर’ हा शब्द आपल्याकडे नाटकवाल्यांनी रुळवला. गो. ब. देवलांचं ‘झुंझारराव’ हे शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चं रूपांतर. तिथे माणसांची नावं, मुलूख, भाषा सगळं बदललं, पण नाटकाचं नाटकच राहिलं. कादंबरीचा सिनेमा होताना नेमकं उलट घडतं: माणसं आणि गाव तेच, माध्यम वेगळं. त्याला ‘माध्यमांतर’ हा चांगला शब्द आहे. ‘आधारित’ फारच सैल; नुसतं कथाबीज घेतलं तरी तो चालतो.

माझं मत ‘बेतलेला’ या शब्दाला. बेतणं हे शिंप्याचं काम. तो कापड पसरतो, खडूने रेघा मारतो, कुठला तुकडा बाहीला आणि कुठला पाठीला ते ठरवतो, मगच कात्री चालवतो. बेताचं कापड, बेताची मिळकत, बेताबेताने खर्च, या सगळ्यांत मापाचीच जाणीव आहे. कादंबरी हे कापड आणि माप सिनेमाचं. काही कापड कापलं जाणारच, हे या शब्दातच आलं! त्यामुळे ‘पुस्तकातलं बरंच गाळलंय’ एवढ्यावरच एखादं परीक्षण थांबलं, तर मला ते अपुरं वाटतं. काय गाळलं आणि शिवण कुठे उसवली, ते सांगायला हवं. (तर्काने ‘कादंबरीतून बेतलेला’ व्हायला हवं होतं. ‘कादंबरीवर बेतलेला’मधला ‘वर’ बहुधा ‘आधारित’च्या शेजारामुळे चिकटला असावा, पण तो आता रूढ आहे, राहू द्यावा.)

‘जोगवा’ (2009) घ्या. तो मुख्यतः राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला आहे. एकीत देवीला वाहिलेल्या बाईचं, म्हणजे जोगतिणीचं जगणं, दुसरीत तशाच वाहिलेल्या पुरुषाचं, जोगत्याचं. याला ‘रूपांतर’ म्हणायचं तर कशाचं? दोन कापडं जोडून एक वस्त्र शिवलंय. ‘सिंहासन’ही तसाच, अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांचा. अशा चित्रपटाचं परीक्षण लिहिताना खरा प्रश्न सांध्याचा असतो, आणि ‘बेतलेला’ म्हटलं की लक्ष आपोआप तिकडे जातं.

आता ‘न्याय दिला’. हा इंग्रजीतून उचललेला प्रयोग आहे. व्याकरणात चूक नाही, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. न्याय कसला दिला? प्रसंगांचा क्रम राखला, की बोली राखली? गवसांच्या कादंबऱ्यांतली कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजकडची बोली पडद्यावर पुणेरी वळणाने बोलली गेली, तर बाकी सगळं कादंबरीबरहुकूम असूनही गवसांचा वाचक हिरमुसतोच. ‘न्याया’ऐवजी आपले वाक्प्रचार आहेतच: आपल्याकडे भूमिकेचं सोनं होतं, कष्टांचं चीज होतं, कथेचं मातेरंही होतं. ‘बरहुकूम’ हा जुन्या कागदपत्रांतला शब्दही अजून कामाचा आहे: ‘संवाद मुळाबरहुकूम, शेवट मात्र वेगळा’. एवढ्या पाच शब्दांत वाचकाला चित्रपटाबद्दल नेमकं काहीतरी कळतं.