वाचक विचारतात : पोकळ अपोलो आणि मूर्तीवरची हिरवी भुकटी

प्रश्न : ग्रीसमधल्या पिरिअस बंदराच्या पुरातत्त्व संग्रहालयातला अपोलो या ग्रीक देवाचा ब्राँझ पुतळा आतून पोकळ आहे, असे वाचले. त्या काळी एवढे मोठे पोकळ ओतकाम कसे जमले? शिवाय आमच्या देवघरातल्या पंचधातूच्या जुन्या मूर्तीवर फिकट हिरवी भुकटी येते. चिंच-मिठाने घासली तरी महिन्याभरात पुन्हा दिसते.
– एक फाउंड्री कामगार, कुपवाड, सांगली

उत्तर : तुम्ही रोज ज्याला कोअर म्हणता, त्या साच्यातल्या आतल्या गाभ्यावरच सगळे उभे आहे. अपोलोची उंची १.९१ मीटर. माणसाच्या मापाचा भरीव पुतळा साधारण ७० लिटरचा होईल आणि ब्राँझचे वजन लिटरला ८.८ किलो, म्हणजे सहाशे किलोंच्या वर. तेच कवच ५ मिलिमीटरचे ठेवले, तर ९० किलोंच्या आसपास भागते. पण खरी अडचण वजनाची नाही. जाड भाग उशिरा थिजतो, आकसतो, आत पोकळ्या धरतो आणि तडकतो.

म्हणून मातीच्या गाभ्यावर मेणाचा थर, त्यातून आरपार धातूच्या खिळ्या, वरून मातीचा साचा. साचा भाजला की मेण वितळून जाते आणि खिळ्या गाभ्याला जागेवर धरतात. मेणाच्या रिकाम्या जागेत धातूचा रस ओततात. खिळी सुटली तर गाभा सरकून एक बाजू कागदासारखी पातळ होते. साच्यात ओल राहिली तर वाफेने रस उसळतो, भोके पडतात. आपल्याकडच्या मधूच्छिष्ट विधानाचे, म्हणजे मेण वितळवून मूर्ती ओतण्याच्या जुन्या पद्धतीचे, तत्त्वही हेच. ग्रीक कारागीर मोठ्या पुतळ्यांचे हात-पाय-डोके बहुधा वेगळे ओतून जोडत आणि खिळ्यांची भोके चौकोनी ठिगळांनी बुजवत. ब्राँझ पुतळा जवळून पाहाल तेव्हा ही ठिगळे जरूर शोधा.

असे पुतळे फार थोडे उरले, कारण पुढच्या काळात धातूसाठी ते वितळवले गेले. अपोलो आणि त्याच्यासोबत अथेना व आर्टेमिस या ग्रीक देवींचे पुतळे (आर्टेमिसचे दोन) १९५९ मध्ये पिरिअसच्या रस्त्याखाली, सांडपाण्याच्या कामात सापडले. इ.स.पू. ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्लाने बंदर जाळले, त्या धामधुमीत ते गाडले गेले असावेत असे बहुतेक अभ्यासक मानतात. गाडले गेले म्हणूनच वाचले.

आता मूर्ती. गुळगुळीत, घट्ट गडद हिरवा थर असेल तर त्याला हात लावू नका, तो धातूचे रक्षण करतो. फिकट, भुसभुशीत, पुन्हा पुन्हा येणारी भुकटी हा मात्र क्लोराइडचा रोग आहे. धातूतले क्लोराइड ओल आणि हवा मिळाली की पोखरत राहते. तुम्ही मीठ चोळता, म्हणजे त्याला क्लोराइडच पुरवता! भुकटी कोरड्या मऊ ब्रशने झाडा, नाकाला रुमाल बांधून. मग मूर्ती ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आर्द्रता ४० टक्क्यांखाली राहिली पाहिजे, पावसाळ्यात पुड्या वरचेवर बदला. अभिषेक तोवर सुपारीवर करावा. डाग तरीही वाढले, तर संग्रहालयाच्या जतनतज्ज्ञाला दाखवा.

पिरिअस लांब आहे, पण कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती आहे. सांगलीहून सकाळी निघालात तर दुपारी परत याल.