बाई, हे सगळं खरं आहे का?

प्रश्न : आदरणीय बाई, माझा मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ बघतो आणि सकाळी उठवायला गेलं की म्हणतो, "आई, हे जगच सिम्युलेशन आहे, कुणीतरी कॉम्प्युटरवर चालवलेलं. सबमिशन केलं काय नि न केलं काय." इलॉन मस्कही तेच म्हणतो म्हणे. सासूबाई म्हणतात, यात नवीन काय, ही तर आपली माया. मला दोघांचंही कळत नाही. यातलं खरं काय?
*एक आई, समा*

उत्तर : ताई, तुमच्या घरात तीन पिढ्या एका विषयावर बोलतात, याचा मला आधी हेवा वाटला. आमच्याकडे जेवताना फक्त टीव्ही बोलतो.

मुलगा सांगतो ते त्याच्या मनचं नाही. ऑक्सफर्डमधल्या निक बॉस्ट्रॉम या तत्त्वज्ञाने २००३ साली एक निबंध लिहिला, त्यानंतर या बोलण्याला जोर आला. पण 'आपण सिम्युलेशनमध्ये आहोत' असं त्या निबंधात कुठेच ठरवलेलं नाही. बॉस्ट्रॉम म्हणतो, तीनपैकी एक गोष्ट खरी असणार. एक तर आपल्यासारखे जीव तेवढी प्रगती व्हायच्या आतच संपतात. किंवा प्रगती होते, पण असली जगं चालवण्यात त्यांना रस उरत नाही. किंवा ती चालवतात, आणि चालवायची तर एक-दोन कशाला, लाखोंनी. मग अस्सल मनांपेक्षा बनवलेली मनं कितीतरी जास्त होणार आणि आपणही त्यांतलेच असण्याचा संभव फार मोठा. तिन्हींतली कुठली, हे तो सांगत नाही. व्हिडिओवाले पहिल्या दोन गाळतात, कारण त्यांत मजा नाही. मस्कने २०१६ साली एका परिषदेत 'आपण मूळ जगात असण्याची शक्यता अब्जावधीत एक' असं म्हटलं, तेही सगळं वजन तिसरीवर टाकूनच.

आणि या तिसरीच्या पायात एक गृहीतक पुरलेलं आहे. हिशोब पुरेसा बारीक केला की त्यातून जाणीव उगवते, मग मेंदू मांसाचा असो की सिलिकॉनचा. बॉस्ट्रॉम हे लपवत नाही, सुरुवातीलाच सांगून टाकतो. मला ठेच लागते ती तिथेच. हवामान खात्याच्या संगणकात पाऊस पडतो, अगदी मिलिमीटरच्या हिशोबात पडतो, पण त्याने आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीला पूर येत नाही. (मूळ मुद्दा जॉन सर्ल या अमेरिकन तत्त्वज्ञाचा, १९८० सालचा. विश्वामित्री मी घातली.) तुम्ही समाच्या, तेव्हा ऑगस्ट २०२४ चं पाणी कसं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, मगरींसकट. मुलगा लगेच म्हणेल, "पण आतल्या माणसाला ते ओलंच लागेल ना?" त्याला विचारा, आत माणूस आहे हेच तर दाखवायचंय, ते तू आधीच कसं धरलंस?

आता सासूबाईंचं. त्यांचं अर्धं बरोबर आहे. 'दिसतं तसं नसतं' इथपर्यंत दोघं बरोबर चालतात, पुढे मात्र वाटा चक्क उलट्या जातात. सिम्युलेशनवाल्यांच्या मते आधी जग, जगात यंत्र, यंत्रातून जाणीव. म्हणजे तुम्ही-मीसुद्धा बनवलेल्या. वेदान्तात जाणीव आधी आणि जग तिच्यात भासतं. सगळं खोटं ठरवलंत तरी बघणारा उरतोच. शिवाय बॉस्ट्रॉमच्या जगाला वरचा मजला आहे. तिथे कुणीतरी बसलंय आणि त्याला विजेचं बिल येतंय. मग तो तरी खरा कशावरून? माडीवर माडी चढत राहायचं. मायेला असा कुणी इंजिनीअर लागत नाही.

'शंकराचार्यांनी जगाला स्वप्न म्हटलं' असं आपण सर्रास ठोकून देतो. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात 'वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्' असं सूत्र आहे. त्यावर विज्ञानवादी बौद्धांना, म्हणजे बाहेरचं जग नाहीच, आहे ती नुसती जाणीव असं म्हणणाऱ्यांना, उत्तर देताना आचार्य सांगतात, जागेपण स्वप्नासारखं नाही. जाग आली की स्वप्नाचा बाध होतो, म्हणजे ते खोटं ठरतं, जागेपणी पाहिलेल्या खांबाचा तसा होत नाही. ब्रह्मज्ञानाची गोष्ट वेगळी, पण ते तुमच्या मुलाला झालेलं नाही.

'बाध' म्हणजे काय ते मला यंदा चैत्रात कळलं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डाव्याचं दिवाळीनंतर आहे. म्हणजे सध्या माझ्याकडे डोळे दोन आणि जगंही दोन. उजव्याने दूध पांढरं दिसतं, डाव्याने त्यातच चहाचा थेंब पडल्यासारखं. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा रंग अडवायला लागतं. इतकं हळूहळू, की ज्याचं त्याला समजत नाही.

माझ्याकडे एक काळी साडी आहे. घेतली तेव्हा मंगळबाजारातल्या एका फॉल-पिकोवाल्याकडे टाकली. आणायला गेले तर तो म्हणाला, "बेन, आ तो नेव्ही ब्लू छे," आणि त्याने फॉलही निळा लावलेला, म्हणजे असं तो म्हणत होता. मी त्याला झापलं. चौतीस वर्षं मुलांना प्रकाशाचा धडा शिकवलेली बाई मी, मला हा रंग सांगणार? फॉल उसवायला लावला, काळा लावून घेतला आणि दुसऱ्यांदाचे पैसे दिले नाहीत. तीन संक्रांती मी ती साडी काळी म्हणून नेसले, हळदीकुंकवाला मिरवली. एकीनेही तोंड उघडलं नाही. ऑपरेशननंतर कपाट आवरताना सहज डावा डोळा झाकला आणि साडी निळी! चांगली गडद शाईसारखी निळी, आणि खाली काळ्या फॉलची किनार डोकावतेय. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून गेले, त्याचे राहिलेले पैसे दिले. तो मशीनवरून मानही वर न करता म्हणाला, "में तो त्यारे ज कीधुं'तुं, बेन."

माझं काळं खोटं ठरलं ते शेजारी दुसरा डोळा आला म्हणून. एरवी मी ती साडी मरेपर्यंत काळी म्हणूनच नेसले असते. 'जग खोटं आहे' म्हणणाऱ्याने आधी तो दुसरा डोळा दाखवावा. नुसतं 'खोटं असू शकतं' एवढंच म्हणायचं असेल तर त्याला माझी ना नाही. असू तर काहीही शकतं.

राहिलं उठवण्याचं. यासाठी आपल्याच गावची गोष्ट सांगते, मुलाला वाचून दाखवा. सुरतेची काँग्रेस फुटल्यावर, १९०८ साल उजाडता उजाडता, अरविंद घोष बडोद्याला आले. गाव त्यांना नवं नव्हतं, १८९३ ते १९०६ ते गायकवाडांच्या नोकरीत होते, बडोदा कॉलेजात शिकवलेलं होतं. या खेपेला ते विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर सरदार मजुमदारांच्या वाड्यात, माडीवरच्या खोलीत तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलं, विचार बाहेरून येतात, आत शिरायच्या आधीच परतवून लावा. तीन दिवसांत मन रिकामं झालं आणि जग म्हणजे पोकळ आकार, नुसत्या छाया, असं दिसायला लागलं. पुढे मुंबईत मित्राच्या घराच्या गॅलरीतून खालच्या रस्त्यावरची धावपळ सिनेमाच्या चित्रासारखी वाटली, असं त्यांनीच नंतर सांगून ठेवलंय. मुंबईत पहिला सिनेमा दाखवला गेला जुलै १८९६ मध्ये, म्हणजे तेव्हा ते यंत्र अजून नवलाचं होतं. आज तो अनुभव आला असता तर कदाचित कॉम्प्युटर म्हणाले असते.

पण त्याच अवस्थेत त्यांना मुंबईत भाषण होतं. मन कोरं, बोलायचं काय? लेले म्हणाले, सभेला नमस्कार करा आणि थांबा, शब्द येतील. आले. मेमध्ये अलीपूर खटल्यात अटक होईपर्यंत त्यांचं राजकारण चालूच होतं, आणि 'जग मिथ्या' हा शेवटचा शब्द त्यांनी पुढेही मानला नाही. ज्याला मुंबई छायेसारखी दिसत होती तो ठरल्या वेळी सभेला गेला. तुमच्या मुलाला सबमिशनची वही छाया दिसत नाहीये, नकोशी झालीय फक्त.

मात्र एक विचारून घ्या. आजूबाजूचं सगळं काचेपलीकडचं वाटतं, आपलेच हात परके वाटतात, असं तो म्हणतो का? तसं असेल तर हा वादाचा विषय नाही. तुटलेली झोप आणि ताण यांनी असं होऊ शकतं, डॉक्टर पहिल्याला डीरिअलायझेशन म्हणतात, दुसऱ्याला डीपर्सनलायझेशन. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, उशीर करू नका.

प्रश्न : कधीकधी 'हे सगळं अस्संच आधी घडलंय' असं अगदी ठाम वाटतं. माझा मित्र म्हणतो, हा सिस्टिममधला बग.
*एक वाचक, मांजलपूर*

उत्तर : बग असलाच तर तुझ्या सिस्टिममधला. याला देजा व्हू म्हणतात. तरुणपणी जास्त होतं, वय वाढेल तसं कमी होतं, दमणूक आणि जागरण असलं की वाढतं. विश्वाच्या प्रोग्रॅममध्ये चूक असती तर तिने माझं वय आधी विचारलं नसतं. वारंवार होत असेल आणि त्यापाठोपाठ क्षणभर भान हरपत असेल तर मेंदूच्या डॉक्टरांकडे जा, कारण एका प्रकारच्या अपस्मारातही असं होतं.

प्रश्न : बाई, मी अकरावी सायन्सला आहे. आपण सिम्युलेशनमध्ये आहोत की नाही, हे प्रयोग करून ठरवता येईल का? प्लीज तत्त्वज्ञान नको.
*एक विद्यार्थिनी, अकोटा*

उत्तर : तत्त्वज्ञान नको म्हणालीस ते बरं केलंस, वर खूप झालंय.

एक प्रयोग सुचवला गेलाय. सायलस बीन, झोहरेह दावूदी आणि मार्टिन सॅव्हेज या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी २०१२ साली. अणुकेंद्रातल्या बलाचं गणित संगणकावर करताना अवकाशाचे आलेखकागदासारखे चौकोन पाडतात, तिन्ही दिशांनी. त्यांनी विचारलं, विश्वही कुणी असंच चौकोन पाडून चालवत असेल तर काय दिसेल? आलेखकागदावर सरळ जाणं आणि तिरकं जाणं सारखं नसतं. मग सगळ्यात जास्त ऊर्जेच्या वैश्विक किरणांमध्ये ठरावीक दिशांकडे कल दिसायला हवा. चौकटीची अशी खूण आजवर सापडलेली नाही. पण यात मेख काय आहे बघ. सापडली तर दावा भक्कम होईल. नाही सापडली तर म्हणायला मोकळे, की चौकोन आणखी बारीक असतील. पास होता येतं, नापास कधीच होत नाही, असला पेपर मी तरी तपासला नसता.

आता माझ्या वर्गातला प्रयोग. आठवीची मुलं घेऊन दर वर्षी मी कमाटीबागेतल्या तारांगणात जायची. एका वर्षी एक पोरगा वडिलांची दुर्बीण दप्तरात लपवून घेऊन आला. दिवे गेले, घुमटावर तारे उगवले, आणि याने अंधारात दुर्बीण काढून गुरूवर रोखली. बाहेर आल्यावर माझी ओढणी खेचून म्हणतो, "बाई, यांच्या गुरूला चंद्र नाहीत. नुसता मोठ्ठा धुरकट ठिपका आहे." मी त्याला ओरडायचं विसरले. कारण अगदी बरोबर होतं ते. तारांगणाचं आकाश उघड्या डोळ्यासाठी केलेलं असतं. जास्त बारकाईने बघितलं की त्यात जास्त काही सापडत नाही, ठिपका तेवढा मोठा होतो.

खऱ्या आकाशाचं उलटं आहे. गॅलिलिओने १६१० मध्ये साधी दुर्बीण लावली तर गुरूजवळ चार चंद्र निघाले. १६७६ मध्ये पॅरिसमध्ये रोमर नावाचा खगोलशास्त्रज्ञ त्यातल्या आयोची ग्रहणं मोजत बसला, तर पृथ्वी गुरूपासून लांब गेली की ती उशिरा दिसायची. नोव्हेंबरातलं एक दहा मिनिटं उशिरा दिसेल असं त्याने आधीच सांगितलं होतं. त्या उशिरातून प्रकाशाला वेग असल्याचं निघालं. १९७९ मध्ये व्हॉयेजर यान जवळून गेलं, तर त्याच आयोवर ज्वालामुखी उसळताना दिसले. दर खेपेला आधीपेक्षा जास्त, आणि आधीच्या नोंदींशी जुळणारं.

यावर ठरलेलं उत्तर असतं की 'आपण बघतो तेव्हाच प्रोग्रॅम तेवढा भाग तयार करतो'. करू दे. पण मग त्याला गॅलिलिओची वही, रोमरचं घड्याळ, व्हॉयेजरचा कॅमेरा आणि त्या पोराच्या वडिलांची दुर्बीण या सगळ्यांशी कुठेही न चुकता जुळवून घ्यावं लागणार. इतकं जुळवत बसण्यापेक्षा सरळ एक गुरू करून ठेवणं सोपं नाही का? डेव्हिड चाल्मर्स हा तत्त्वज्ञ (एवढा एक चालवून घे) तर म्हणतो, सिम्युलेशन असलं तरी टेबल-खुर्च्या खऱ्याच, फक्त बिट्सच्या बनलेल्या. मला ते पुरतं पटत नाही, पण टेबलावर ढोपर आपटलं की त्याची बाजू थोडी कळते.

गुरू संध्याकाळी वर असेल तेव्हा गच्चीवर जा. दहा बाय पन्नासची दुर्बीण पुरते. कोपरं कठड्यावर टेकव, नाहीतर हात थरथरून काही दिसायचं नाही. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत बारीक ठिपके दिसतील. चारच्या चार दिसतीलच असं नाही, एखादा पुढे किंवा मागे गेलेला असतो. कुठला कुठे आहे ते वहीत काढून ठेव, वेळ घाल, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत बघ.