पहिल्यांदाच जुन्या बसच्या मेळ्याला जाताय?

इंग्लंडात असाल तर सुरुवात वेब्रिजजवळच्या ब्रुकलँड्सपासून करा. लंडन बस म्युझियम तिथेच आहे. मेळ्याच्या दिवशी गेट उघडताच पोहोचा. दुपारी प्रत्येक फोटोत कुणाचं तरी डोकं येतं. सूर्य पाठीशी ठेवून, दर्शनी भाग आणि डावी बाजू एकत्र येईल असा फोटो घ्या.

आधी जुन्या बसमधल्या फेऱ्यांचं वेळापत्रक घ्या, स्टॉल नंतर. वरचा मजला सगळेच धरतात. आरटी मिळाली (1939 ते 1954 मधली लंडनची डबलडेकर, एईसी कंपनीचं 9.6 लिटरचं इंजिन), तर खाली, ड्रायव्हरच्या मागच्या काचेपाशी बसा. स्टिअरिंगखालचा छोटा दांडा हलवून ड्रायव्हर पुढचा गिअर आधीच निवडून ठेवतो. गिअर बदलतो तो डावा पेडल दाबून सोडल्यावर. नवखा ड्रायव्हर लगेच ओळखू येतो! खरी गंमत मला तरी हीच वाटते.

मागचा प्लॅटफॉर्म उघडा असतो. बस पूर्ण थांबेपर्यंत खांब सोडू नका, खांद्यावरची सॅक पुढे घ्या. घंटेला हात लावू नका: एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, तीन म्हणजे गाडी भरली. बेस्टची डबल बेल ऐकलेल्यांना हे सांगायला नकोच. बॉनेट उघडं दिसलं तरी मालकाला विचारल्याशिवाय हात घालू नका. रेडिएटर बराच वेळ तापलेला असतो. जुने तिकीट रोल, बोर्ड विकणाऱ्यांसाठी सुटे पैसे ठेवा.