वाचकांचे प्रश्न : 'प्रॉबेबली' बसवायचं कुठे?

प्रश्न : मी कोपरखैरण्याला राहतो आणि बेलापूरला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघतो. न्हावा शेवाला जहाज कधी लागणार, कंटेनर कधी सुटणार, याचे मेल दिवसभर पार्टीला जात असतात. परवा मी लिहिलं, 'द व्हेसल विल प्रॉबेबली अराइव्ह ऑन फ्रायडे'. साहेबांनी ते 'प्रॉबेबली द व्हेसल विल अराइव्ह' असं केलं. 'विल अराइव्ह' हे एकच क्रियापद, त्याच्या मध्ये शब्द घालून ते तोडायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या एका मेलमध्ये मी 'विल नॉट डेफिनेटली अराइव्ह ऑन फ्रायडे' लिहिलं, तर पार्टीचा फोन आला की नक्की काय समजायचं? विल, कॅन, शुड यांच्याबरोबर असे शब्द कुठे बसवायचे?

उत्तर : पहिलं वाक्य तुमचंच चांगलं होतं. ते तसंच जाऊ द्या. विल, कॅन, शुड यांसारखं मॉडल क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्या मधली जागा ही अशा क्रियाविशेषणांची हक्काची जागा आहे. विल प्रॉबेबली अराइव्ह, कॅन ईझिली फिनिश, शुड ऑल्वेज चेक. साहेबांचं वाक्यही चूक नाही, बोलताना पुष्कळजण तसं म्हणतात. मराठीत आपण 'बहुतेक'ने वाक्य सुरू करतो, म्हणून आपल्या हाताला ती रचना आधी येते. पण 'तोडायचं नाही' हा नियम मात्र कुठल्याही चांगल्या व्याकरणात सापडणार नाही. इंग्रजीत 'टू' आणि क्रियापद यांच्यात शब्द घालू नये असा एक जुना दंडक होता. तो लोकांनी ओढूनताणून 'विल'लाही लावला. हेन्री फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात ही भीती निराधार असल्याचं स्वच्छ लिहिलं आहे. साहेबांना हे जरूर सांगा, अगदी आदराने सांगा. त्यांना ते त्यांच्या शाळेत कोणीतरी तितक्याच खात्रीने शिकवलेलं असणार.

सहायक क्रियापदं एकापेक्षा जास्त असली की किती खात्री आहे हे सांगणारा शब्द पहिल्यानंतर येतो : 'द पेपर्स विल प्रॉबेबली हॅव बीन सबमिटेड बाय इव्हिनिंग'. काम कसं झालं हे सांगणारा शब्द मात्र शेवटच्या क्रियापदाला चिकटून राहतो : 'द कंटेनर शुड हॅव बीन प्रॉपर्ली सील्ड'. इथे 'प्रॉपर्ली' उचलून 'शुड'च्या मागोमाग ठेवलं, तर सील नीट लावण्याचा मुद्दा बाजूला पडतो आणि 'खरं म्हणजे सील लावायलाच हवं होतं' असा सूर लागतो.

आता तुमचं दुसरं वाक्य. मला खरा मोलाचा प्रश्न हाच वाटतो, कारण इथे जागा चुकली की पैसे जातात. 'नॉट' आपल्या पुढे जे येतं त्याला नाकारतं. 'विल डेफिनेटली नॉट अराइव्ह' यात 'डेफिनेटली' बाहेर आहे आणि 'नॉट' आत. म्हणजे जहाज शुक्रवारी येणार नाही, हे नक्की. 'विल नॉट डेफिनेटली अराइव्ह' यात 'नॉट'ने 'डेफिनेटली'लाच नाकारलं. म्हणजे येईल, पण नक्की नाही. पहिला मेल वाचून पार्टी ट्रेलर रद्द करेल, दुसरा वाचून ट्रेलर तयार ठेवेल. तुम्हाला यातलं काय म्हणायचं होतं ते पत्रात नाही आणि पार्टीलाही नेमकं तेच कळलं नाही.

नौपाड्यात माझा संध्याकाळचा वर्ग असतो, तिथे ऑफिसातून परस्पर येणारी मंडळी असतात. त्यांच्यासाठी मी फळ्यावर दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिते : 'यू सिम्पली कान्ट डू धिस' आणि 'यू कान्ट सिम्पली डू धिस'. शब्द तेच. पहिल्याचा अर्थ, हे अजिबात चालणार नाही. दुसऱ्याचा अर्थ, नुसतं एवढं करून भागणार नाही, आणखी काही करावं लागेल. 'रिअली'चंही तसंच. 'आय रिअली कान्ट से' म्हणजे मला खरोखरच सांगता येत नाही, विषय संपला. 'आय कान्ट रिअली से' म्हणजे तसं नेमकं नाही सांगता येणार. दार किलकिलं ठेवलं. ग्राहकाशी बोलताना यातलं कुठलं वापरायचं हे ठरवून वापरा, तोंडाला येईल ते नको.

काही शब्दांना 'नॉट'च्या पुढे बसणंच मानवतं. 'द कंटेनर विल नॉट नेसेसरिली बी ओपन्ड', कस्टम्सवाले कंटेनर उघडतीलच असं नाही. 'प्रॉबेबली'चा स्वभाव याच्या उलटा, तो 'नॉट'च्या आधीच शोभतो. म्हणून 'विल प्रॉबेबली नॉट अराइव्ह' आणि 'प्रॉबेबली विल नॉट अराइव्ह' दोन्ही चालतात, अर्थही एकच. मात्र 'वोन्ट' असं जोडून लिहिलंत की 'प्रॉबेबली' त्याच्या आधीच हवं : 'इट प्रॉबेबली वोन्ट अराइव्ह'. 'वोन्ट प्रॉबेबली' कानाला खटकतं.

एक विनंती. जहाजाबद्दल 'विल शुअरली अराइव्ह' लिहू नका. आपल्याकडे ते 'नक्की'साठी सर्रास चालतं, पण इंग्लंडमधल्या माणसाच्या कानाला 'शुअरली'त पुष्कळदा 'असं असणारच ना?' अशी विचारणा ऐकू येते. परदेशी शिपरला 'डेफिनेटली' किंवा 'सर्टन्ली' लिहा.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. टॅग क्वेश्चनमध्ये तिने 'ही कॅन हार्डली वॉक, कान्ट ही?' लिहिलं आणि गुण गेला. वाक्यात 'नॉट' कुठेच नाही, मग टॅग नकारार्थी का नको? (एक आई, वर्तकनगर, ठाणे)

उत्तर : ताई, गुण गेला तो बरोबरच गेला, पण तुमच्या मुलीने नियम नीट लावला होता हेही तितकंच खरं. तिला फक्त कोणी सांगितलं नव्हतं की 'हार्डली' हा दिसायला साधा, पण पोटात नकार असलेला शब्द आहे. त्याला चालता येतं, पण कसंबसं. म्हणजे जवळजवळ नाहीच. म्हणून वाक्य नकारार्थी धरायचं आणि टॅग होकारार्थी : 'ही कॅन हार्डली वॉक, कॅन ही?' 'सेल्डम', 'रेअरली', 'स्केअर्सली', 'नेव्हर' ही सगळी त्याच घरातली. याच कारणाने 'कान्ट हार्डली' लिहायचं नाही, नकारावर नकार होतो. 'हार्ड' आणि 'हार्डली' यांचा काही संबंध नाही असंच तिने धरून चालावं. 'ही कॅन वर्क हार्ड' ही शाबासकी आहे, 'ही कॅन हार्डली वर्क' ही तक्रार.

प्रश्न : ऐरोलीला आयटीत आहे. रिपोर्टमध्ये 'धिस मे पॉसिबली फेल' लिहिलं की रिव्ह्यू करणारे 'पॉसिबली' खोडतात. आणि 'मे वेल' व 'माइट अ‍ॅज वेल' एकच का?

उत्तर : 'मे' आणि 'पॉसिबली' दोघंही एकच शंका बोलून दाखवतात. भाषावैज्ञानिक जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये अशा जोडीला 'हार्मॉनिक' म्हटलं, म्हणजे एका सुरात बोलणारी. व्याकरणात बसतं, बोलण्यात तर हमखास येतं. तरी रिपोर्टमध्ये मीही खोडलं असतं, कारण तिथे वाचणाऱ्याला शंका एकदा कळली की पुरते.

'मे वेल' वेगळं. 'धिस मे वेल फेल' म्हणजे फेल होण्याची चांगलीच शक्यता आहे, सावध राहा. 'वी माइट अ‍ॅज वेल रीस्टार्ट' म्हणजे दुसरं काही बरं सुचत नाही, तर रीस्टार्टच करून टाकू. एकात इशारा आहे, दुसऱ्यात नाइलाज. रिपोर्टमध्ये यांची अदलाबदल झाली तर टीमचा गैरसमज होईल.

जाता जाता, तुमच्या पत्राच्या शेवटी 'यू मे प्लीज रिप्लाय' आहे. सरकारी पत्रांतून हे आपल्या अंगवळणी पडलंय. 'मे'ने परवानगी दिली आणि 'प्लीज'ने विनंती केली, दोन्ही एकाच माणसाला एकाच वाक्यात. 'प्लीज रिप्लाय' पुरेसं आहे.